प्रोक्षणाने पुसलेली बारा पाकिटे

आमच्या घरात बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूवर पळीभर पाणी शिंपडले जाई. भाजीवर, किराण्याच्या पुड्यांवर, पोस्टाने आलेल्या लग्नपत्रिकांवर, आणि एकदा तर नव्या टेलिफोनवरसुद्धा. त्या टेलिफोनने पुढे आठवडाभर मौन पाळले, आणि त्या मौनाचे सारे श्रेय माझ्या पत्नीने निःसंकोचपणे मला दिले. मंत्र म्हणत, तुळशीच्या पानाने पाणी शिंपडून वस्तू शुद्ध करून घेण्याच्या या विधीला प्रोक्षण म्हणतात. मी पाठशाळेत वाढलेला, पुढे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला माणूस. हा विधी माझ्या हाताला इतका जडला होता की, दारात कोणी पिशवी ठेवली तर आधी हात पंचपात्रीकडे जाई आणि मग डोळे पिशवीत काय आहे ते पाहत.

नव्वदचे दशक संपत आले असताना माझी भाची कळवणहून पंचवटीतल्या आमच्या घरी राहायला आली. वनस्पतिशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी तिने नाशिकच्या महाविद्यालयात नाव घातले होते. मला आनंद झाला. वनस्पती म्हणजे वट, अश्वत्थ, बिल्व, तुळस, अशी माझी समजूत. पहिल्याच पावसाळ्यात ती एका संध्याकाळी चिखलाने माखलेले पाय घेऊन दारात उभी राहिली आणि पिशवीतून तिने काढले ते भिंतीवरचे शेवाळ.

"हे कशाला?" मी विचारले.

"हाच माझा विषय आहे, मामा. मॉस. पुस्तकात याला हरिता म्हणतात."

हरिता हे नाव मला फार आवडले. तरी शेवाळ ते शेवाळच. ते घासून काढण्यासाठी मी प्रत्येक श्रावणात देवळाच्या ओट्यावर नारळाची शेंडी घेऊन गुडघे टेकत आलो होतो. त्याच्यासाठी कोणी महाविद्यालयात जाईल, हे माझ्या कल्पनेत बसत नव्हते.

"इतकी मोठमोठी झाडे असताना तुला हेच मिळाले?"

"मोठ्या झाडांना नमस्कार करणारे पुष्कळ आहेत, मामा. यांच्याकडे कोणी बघतच नाही."

तिची पद्धत मात्र नेटकी होती. मॉसचा नखाएवढा तुकडा अलगद सोडवायचा, कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवायचा आणि पाकिटावर लिहायचे: क्रमांक, स्थान, जमिनीपासूनची उंची, दगडावर की मातीवर की झाडाच्या सालीवर, आणि तारीख. मग पाकिटे उघडी ठेवून वाळवायची. वाळलेले मॉस मेल्यासारखे दिसते, पण पाणी लागले की पाने पुन्हा उलगडतात, असे ती म्हणे. वाळलेली पाकिटे ती चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवू लागली, तेव्हा मला राहवले नाही.

"विद्या चपलांच्या खोक्यात ठेवतेस?"

"मग कशात ठेवू?"

मी तिला बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा दिला. अर्थात प्रोक्षण करून. ती लेबले शिसपेन्सिलीने लिहिते हेही मला खटकले. पेन्सिल ही सुतारांची वस्तू. तिच्या वाढदिवसाला मी तिला शाईचे पेन आणि निळ्या शाईची दौत आणून दिली. "आमच्या बाई पेन्सिलच वापरा म्हणतात," ती चाचरत म्हणाली. "बाईंना सांग, मामांनी शाई दिली आहे," मी म्हणालो. माझ्या शब्दाचा मान राखून तिने शाईने लिहायला सुरुवात केली. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

संध्याकाळची आरती आटोपली की ती सूक्ष्मदर्शक काढून बसे आणि मी शेजारी. वर्गीकरण कसे करतात हे तिने मला अनेक संध्याकाळी समजावले, आणि मी ते अनेक संध्याकाळी वादात काढले. आधी पाहायचे की रोप सरळ उभे आहे आणि बोंड शेंड्यावर आले आहे, की रोप आडवे पसरले आहे आणि बोंड कुशीतून निघाले आहे. मग पानाला मधली शीर आहे का, असली तर टोकापर्यंत जाते का. मग पानातल्या पेशींचा आकार. आणि शेवटी बोंडाचे तोंड. त्याचे झाकण गळून पडले की काठाशी दातांची ओळ दिसते. कुणाला एक ओळ, कुणाला दोन, कुणाला एकही नाही. या दातांवरून कुळ ठरते आणि पुढे कुळातली प्रजाती.

"दात पाहून कुळ ठरवतात?" मी म्हणालो. "आमच्याकडे गोत्र विचारतात, प्रवर विचारतात."

"यांना विचारून उत्तर मिळत नाही ना, मामा. तोंड उघडून बघावंच लागतं."

स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "यांचं कुळ दातांवरून ठरवायची वेळ आली तर पंचाईत आहे. उरलेत किती ते बघ आधी."

उरलेले सात होते. मी तोंड मिटून सूक्ष्मदर्शकात पाहू लागलो.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. मोठे विद्वान एखादी प्रजाती एका कुळातून काढून दुसऱ्या कुळात घालतात, असे ती सहज सांगून गेली.

"म्हणजे दत्तक देतात?"

"नाही हो. ती आधीपासून त्याच घरची असते. चुकून दुसऱ्यांकडे वाढलेली. कोणीतरी नीट बघतं, मग घरी पाठवतात."

"आणि इतके दिवस ज्यांनी चुकीचे लिहिले?"

"त्यांचंही नाव पुसत नाहीत. चूक कोणी केली, दुरुस्त कोणी केली, दोन्ही लिहून ठेवतात."

हे मला आवडले, पण मी तसे बोललो नाही. शिष्यासमोर लगेच मान डोलवायची नाही, हा आमच्या पाठशाळेचा शिरस्ता.

मी माझ्यापरीने एक वर्गीकरण मांडून पाहिले होते. ती कॉलेजला गेली असताना डबा उघडून मी पाकिटे स्थानाप्रमाणे लावली: देवळाच्या शिखरावरची वर, घाटाच्या पायऱ्यांवरची त्याखाली, मग वृक्षांवरची, मग विहिरींची, आणि तळाशी गटाराच्या कठड्यावरची. परत आल्यावर तिने ती रचना पाहिली आणि हसत हसत भिंतीला टेकली.

"मामा, हे शिखरावरचं बघा आणि हे गटारावरचं बघा. दोन्ही ब्रायम. सख्खे भाऊ."

मी भिंग लावून पाहिले. दोन्ही चांदीच्या वर्खासारखी चमकत होती. मी म्हणालो, "असतील. पण एकाने चांगली संगत धरली." एवढे बोलून मी उठलो. वादात जिंकण्यापेक्षा वेळेवर उठणे मला अधिक जमते.

दुसऱ्या वर्षीचा पितृपक्ष आला. तिच्या प्रबंधाचे दिवस भरत आले होते. प्रबंध म्हणजे नाशिक आणि आसपासच्या मॉसची यादी: कोणते कुळ, कोणती प्रजाती, कोठे सापडली. सोमवारी बाहेरगावच्या परीक्षकबाई येऊन यादी आणि पाकिटे समोरासमोर ठेवून तपासणार होत्या. लेबल नसलेले पाकीट म्हणजे कचरा, आणि लेबल खोटे ठरले तर सारी यादीच संशयात, असे तिच्या बाईंनी तिला बजावले होते. दोन पावसाळ्यांची तिची मेहनत त्या सोमवारवर टांगलेली होती.

बुधवारी ती शेवटची बारा पाकिटे घेऊन आली. जेवायच्या आधी मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "आज काय आणलेस, वाच." तिने ओळीने बाराही लेबले वाचली. पाच घाटावरची होती. सहाव्यापासून स्थान बदलले.

"सहा, अमरधाम, जळक्या लाकडांजवळची राखमिश्रित माती. सात, अमरधाम, कुंपणाची भिंत, उत्तरेची बाजू, गुडघ्याएवढी उंची..."

"कुठे?" मी विचारले.

"अमरधाम. स्मशानात. राखेच्या जमिनीवर फ्युनेरिया छान येतं, मामा. हवेतला ओलावा बदलला की त्याचा देठ पिळतो. तुम्हाला दाखवते उद्या."

"उद्या दादांची तिथी आहे," मी म्हणालो. दादा म्हणजे माझे वडील.

"हो, मला माहीत आहे. मी सकाळी लवकर कॉलेजला जाते, दुपारी पानं वाढायला येते."

ती पाकिटे माजघरातल्या पाटावर वर्तमानपत्रावर उघडी वाळत पडली. त्याच माजघरात सकाळी श्राद्धाला ब्राह्मण बसणार होते. पाट उचलून गच्चीवर नेणे अगदी सोपे होते, हे मला नंतर पत्नीने सांगितले. मला ते सुचले नाही. सकाळी ती कॉलेजला गेल्यावर मला पंचपात्री सुचली. आणि वस्तू स्मशानातून आलेली असल्याने तुळशीच्या पानाने भागणार नाही असे वाटून मी ओंजळीने, तीन वेळा, समंत्रक, गोदावरीचे पाणी त्या बारा पाकिटांवर घातले. मन प्रसन्न झाले. श्राद्ध उत्तम पार पडले.

दुपारी ती आली, पाटाशी वाकली आणि तशीच राहिली. मी जवळ गेलो. पाकिटांतले मॉस जिवंत झाले होते. मिटलेली पाने उलगडून, हिरवेगार, जणू आताच पाऊस पडून गेला आहे. आणि पाकिटांवर अक्षर उरले नव्हते. होते ते निळे ढग.

ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने पाट उचलला, गच्चीवर नेला, आणि खाली येऊन पाने वाढू लागली.

"बोल की यांना," पत्नी म्हणाली. "मी एवढी वर्षं बोलते आहे, तू एकदा तरी बोल."

"काय बोलू, मामी? पेन्सिलीनं लिहायला हवं होतं."

हे वाक्य मला ओंजळभर पाण्यासारखे अंगावर आले. पेन मीच दिले होते.

"क्रमांक वहीत उतरवले असशील ना?" मी विचारले.

"रविवारी उतरवणार होते."

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. पण हात धुताना एक गोष्ट ध्यानात आली. लहानपणी आम्हाला पाठशाळेत गुरुजी दोनदा म्हणून दाखवत. तिसऱ्यांदा आम्ही म्हणायचे, आणि चुकलो तर उभे राहून म्हणायचे. त्या संथेने कानाला जी सवय लागली ती सुटत नाही. मी तिच्यासमोर बसलो, डोळे मिटले आणि म्हणू लागलो, "एक, घाट, तिसरी पायरी, दगड, पाण्यापासून हातभर वर. दोन, घाट, दीपमाळेचा पाया, चुना..." बाराव्यापर्यंत आलो. मध्ये कोठेही अडलो नाही.

डोळे उघडले तेव्हा ती वही घेऊन लिहीत होती.

"मामा, पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटले. तिने ताडून पाहिले. एका शब्दाचाही फरक नव्हता. माझी मान किंचित ताठ झाली असावी, कारण पत्नी म्हणाली, "आता फुगू नका. पाठ झालं, पण कुठलं पाकीट कुठलं ते कोण सांगणार?"

आणि खरोखर, क्रमांकही पुसले होते. यादी माझ्याजवळ होती आणि पाकिटे तिच्याजवळ, आणि दोघांची ओळख तुटलेली. मग वर्गीकरण कशासाठी असते ते मला कळले. मी एक-एक लेबल म्हणायचे आणि तिने भिंग लावून त्या जागी कोण राहू शकेल ते शोधायचे. राखेच्या मातीवरचे? तिने एका पाकिटातला लांब देठ वाळू दिला, मग माझ्यापुढे धरला. "हळूच वाफ सोडा तोंडानं." मी सोडली. देठ गोल फिरला. फ्युनेरिया, सहावे. अमरधामातल्या विजेच्या खांबाशी, ओलसर मातीवरचे? पाने दोन्ही बाजूंना मोरपिसासारखी एका पातळीत लागलेली, म्हणजे फिसिडेन्स, नववे. चांदीच्या वर्खाचे ब्रायम एकच होते, ते बारावे. शुक्रवार गेला, शनिवारची दुपार झाली, आणि दहा पाकिटांना आपापली जागा मिळाली.

दोन उरली. दोन्ही हायोफिला. वाळताना पाने आत वळवून घेणारी, बोंडाच्या तोंडाशी एकही दात नसलेली. त्या कुळाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी होती. उरलेली लेबलेही दोन: पहिले, घाटाच्या तिसऱ्या पायरीचे, आणि सातवे, अमरधामच्या भिंतीचे.

"कुठलं कुठलं, मामा? पाटावर कसं ठेवलं होतं, काही आठवतं?"

मी दोन्हींकडे पाहिले. डावे अधिक टवटवीत होते. माझे मन म्हणाले, हेच गोदामाईचे. ओठांवर शब्द आला होता. मी सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला असता. बाराही लेबले मी अचूक म्हणून दाखवली होती, आता माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? आणि दोन्ही एकाच प्रजातीची, तेव्हा नुकसान तरी कोणाचे?

ती माझ्याकडे पाहत होती. हातात पेन्सिल.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि दोन्ही पाकिटे बाजूला ठेवली. "मग उद्या दोन्हीकडून पुन्हा आणू. घाटावर तुम्ही जा. अमरधामात मी जाते."

"नाही. पुसले मी, तेव्हा लिहीनही मीच. दोन्हीकडे येतो."

पत्नीने डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. पितृपक्षात, कोणाच्या तिरडीमागून नव्हे, तर आपण होऊन मी स्मशानात जायला निघालो होतो.

रविवारी सकाळी घाटावरचे काम पाच मिनिटांत झाले. अमरधामच्या फाटकाशी तिथला रखवालदार खराटा टेकून उभा होता.

"या बाबा. कोणाचं हाय?"

"कोणाचे नाही."

"कोणाचं नाय? मंग?"

"शेवाळ न्यायला आलो आहोत."

त्याने माझ्याकडे, मग भाचीकडे पाहिले. तिला तो ओळखत होता. "ताई, या टायमाला बाबांना बी कामाला लावलं व्हय? घ्या की, लय हाय तिकडं. सगळंच न्या, माझं घासायचं वाचंल."

"सगळं नको, नखाएवढं," ती म्हणाली.

"बाबा एवढे आले, न् नखाएवढंच?"

उत्तरेकडची भिंत मला अनोळखी नव्हती. दादांना नेले त्या दिवशी त्याच भिंतीला पाठ लावून मी दोन तास बसलो होतो. नेमके माझ्या खांद्याखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ते हिरवे ठिपके तेव्हाही असणार. मला दिसले नव्हते. आता मी खाली बसलो, भिंग लावले. पाने उघडी होती, देठांवर बोंडे उभी होती. भाचीने चाकूच्या टोकाने तुकडा सोडवला आणि पाकीट माझ्या हातात दिले. मी पेन्सिलीने लिहिले: सात, अमरधाम, कुंपणाची भिंत, उत्तरेची बाजू, गुडघ्याएवढी उंची, चुना. तारखेच्या जागी सवयीने तिथी लिहिली गेली. तिने ती खोडली नाही, फक्त शेजारी तारीख लिहिली.

घरी पत्नीने दारातच आम्हाला अडवले. "आधी अंघोळ. दोघांनी. आणि ते पाकीट?" तिने माझ्याकडे पाहिले, मग कोनाड्यातल्या पंचपात्रीकडे.

"त्याला कोरडेच सोवळे लागते," मी म्हणालो आणि पाकीट भाचीच्या हाती देऊन मोरीकडे वळलो. मागे दोघी किती वेळ हसत होत्या, ते पाण्याच्या आवाजात नीट कळले नाही.

सोमवारी रिक्षात बिस्किटांचा डबा मी मांडीवर घेऊन बसलो, पोथी घेऊन बसावे तसा. प्रयोगशाळेच्या दाराशी एक स्टूल मिळाले. परीक्षकबाई बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्या यादी वाचत, पाकीट उचलत, भिंगातून पाहत आणि ठेवत. शेवटी डब्याच्या तळाशी बाजूला ठेवलेली ती दोन पाकिटे त्यांच्या हाती आली. भाचीने ती यादीत धरली नव्हती, पण लपवलीही नव्हती. दोन्हींवर पेन्सिलीने लिहिले होते: हायोफिला, स्थान अनिश्चित. शेरा: लेबल प्रोक्षणाने पुसले गेले.

"प्रोक्षणाने म्हणजे?" बाईंनी विचारले.

भाचीने दाराकडे पाहिले. बाईंनीही पाहिले. मी उभा राहिलो. माझे उभे राहणे हेच पुरेसे स्पष्टीकरण असावे, कारण बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "बसा, काका." मग भाचीकडे वळून, "हे लिहिलंस ते चांगलं केलंस. बाकीच्यांवर आता मला शंका घ्यावी लागत नाही."

ती उत्तीर्ण झाली. पुढे लग्न होऊन ओझरला गेली, तिथल्या महाविद्यालयात शिकवू लागली. संग्रह महाविद्यालयाच्या कपाटात गेला, पण ती दोन पाकिटे कोणालाच नको होती. जाताना तिने ती माझ्या हातावर ठेवली. "मामा, ही तुमची."

आता दोन हजारांचे पहिले दशकही सरत आले आहे. ती दोन पाकिटे देवघराच्या वरच्या फळीवर आहेत, डावे आणि उजवे, आणि कोणते घाटाचे ते मला अजूनही ठाऊक नाही. दादांच्या तिथीला सर्व आटोपले की मी दोन्ही उघडतो आणि पळीने, कागदाला लागणार नाही असा, एकेक थेंब सोडतो. थोड्या वेळाने पाने उलगडतात. ती अद्याप जिवंत आहेत, की केवळ पाणी पिऊन ताठ होतात, हे मी भाचीला विचारलेले नाही. विचारले, तर ती भिंग घेऊन येईल आणि खरे ते सांगेल.